डाव्या खांद्याचं माप

३ मार्च

वन्सं,

"या भागाचा सांभाळ करणारा आता उपलब्ध नाही." हे वाक्य तुम्ही लिहिलंत. खाली तुमचं नाव आहे, म्हणून तुम्हालाच विचारते. उपलब्ध नाही म्हणजे काय? रजेवर आहे? दुसऱ्या फोनवर बोलतोय? तुमचा दादा जानेवारीत गेला. मी तुम्हाला फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. मग मेसेज केला. तो वाचल्याची खूण माझ्या फोनवर अजून आहे. तुम्ही आला नाहीत, हे मी इथे लिहिणार नव्हते. लिहिलं गेलं. राहू दे.

लग्नानंतर मी पहिल्यांदा तुम्हाला 'वन्सं' म्हटलं, तेव्हा तुम्ही हसून लोळला होतात. "वहिनी, नाटकात काम करतेस का?" म्हणाला होतात. तेव्हा मी थांबले. आता परत सुरू करते.

तुम्हा दोघांच्या त्या 'खडू' नावाच्या प्रोग्रामबद्दल मला आतापर्यंत एवढंच कळत होतं की अंगाची मापं टाकली की तो कपडे बेतायचे कागद काढून देतो, कुणालाही फुकट, आणि त्याच्या आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं आणि सुधारावं. नाव बाबांच्या शिंपीकामाच्या खडूवरून. त्यातला 'दोन बाजू' हा भाग दादाचा. ज्यांचं डावं-उजवं अंग सारखं नाही त्यांच्यासाठी. एक खांदा खाली असलेल्यांसाठी, म्हणजे त्याच्यासारख्यांसाठी.

तो भाग तुम्ही पुढच्या आवृत्तीतून काढून टाकताय. सूचना मी तीनदा वाचली. शेवटी तुम्ही लिहिलंय की एप्रिल संपायच्या आत कुणीही तो कोऱ्या मशीनवर, म्हणजे आधी काहीच न टाकलेल्या कॉम्प्युटरवर, बिल्ड करून दाखवला, सगळ्या चाचण्या पास झाल्या आणि पुढे सांभाळायची जबाबदारी घेतली, तर तो राहील.

त्या 'कुणीही'त मी बसते.

मी पाण्याचे नमुने तपासणारी बाई आहे, प्रोग्रामर नाही, हे मला तुमच्याकडून ऐकायचं नाही. फोन तुम्ही घेत नाही, ईमेलला उत्तर देत नाही. प्रकल्पाच्या पानावर सगळं जग वाचतं, तिथे घरचं मी लिहिणार नाही. म्हणून कागद.

वहिनी


११ मार्च

वन्सं,

प्रकल्पाच्या पानावर 'पाणीवाली' नावाची जी कुणी आलीय, ती मी. प्रयोगशाळेत मला याच नावाने हाक मारतात.

दादाचा लॅपटॉप मी उघडला. पासवर्ड मला माहीत होता, तो काही लपवणारा माणूस नव्हता. त्याच्या फोल्डरमध्ये तुमच्या पानावरची कमांड दिली आणि बसले. लिहिलेल्या ओळींपासून चालणारा प्रोग्राम तयार होतो, म्हणजे बिल्ड होतो, ते पहिल्यांदा पाहिलं. पडद्यावर ओळी वर सरकत राहतात आणि आपण काही करायचं नसतं.

बाबा मागे येऊन उभे राहिले. "काय शिजतंय?"

"खडू."

"मग वाफ कुठाय?"

"पंख्यातून येतेय. हात लावून बघा."

त्यांनी खरंच लॅपटॉपच्या कडेला हात धरला. "गरम आहे," म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. तो गेल्यापासून ते त्या खोलीत आले नव्हते.

शेवटी ओळी थांबल्या. सगळ्या चाचण्या पास. 'दोन बाजू'सुद्धा. मी तो सगळा मजकूर जसाच्या तसा तुमच्या पानावर टाकला. मला वाटलं, झालं काम.

तुमचं उत्तर आलं: "नमस्कार पाणीवाली. सहभागाबद्दल आभार. तुमच्या मशीनवर चालत असेल, पण ते पुरेसं नाही. कृपया कोऱ्या मशीनवर करून पाहावे."

तुमच्या मशीनवर चालत असेल. हेच शब्द मी आधी ऐकलेत. दोन वर्षांपूर्वी तुम्ही ते फोनवर त्याला म्हणाला होतात. फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारी कपडे घड्या करत होते. "दादा, तुझ्याच मशीनवर चालतं, आमच्या कुणाकडे चालत नाही. मग एक तर मशीन जादूचं आहे, नाही तर तू खोटं बोलतोयस." त्याने फोन ठेवला. तो खोटं बोलत नव्हता. चालत होतं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पण तुमचा नियम बरोबर आहे, आणि ते मला कबूल करावं लागतंय याचा मला राग येतोय. आम्हीही नमुन्याबरोबर एक बाटली नुसत्या डिस्टिल्ड पाण्याची तपासतो. तिच्यात काही सापडलं तर पाणी नाही, बाटली खराब. दादाचा लॅपटॉप म्हणजे बारा वर्षं न धुतलेली बाटली आहे. तुमचा नियम मान्य. सूर मान्य नाही.

घर तसंच आहे. बाहेरचं दार किंचित वर उचलून ढकलल्याशिवाय उघडत नाही. बिजागरी सैल झाली तेव्हा सुतार बोलवू म्हटलं, तर तो म्हणाला, उचलून ढकल, काय बिघडलं? मोरीचा नळ उलटा फिरवून मग सुलटा केला की बंद होतो. परवा बाबांच्या डॉक्टरबाई आल्या आणि बराच वेळ दाराशी झटापट करत होत्या. आतून आम्हाला वाटलं, चोर आहे.

वहिनी


२४ मार्च

वन्सं,

कोरं मशीन मिळालं. प्रयोगशाळेने भंगारात काढलेलं, वरिष्ठांना विचारून घरी आणलं. सगळं पुसलं, नव्याने सिस्टम टाकली, आणि तुमचं 'नवीन सहभागींसाठी' हे पान शेजारी उघडून पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

ते पान कुणी लिहिलंय? त्या माणसाने ते स्वतः कधी करून पाहिलेलं नाही. दुसऱ्या पायरीवर जी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं तयार काम, घ्यायला सांगितलीय ती त्या नावाने आता मिळतच नाही. लिहिलेलं मशीनला समजेल असं करून देणारा तो कंपायलर कुठला ते लिहिलंय, पण आवृत्ती लिहिलेली नाही. मी नवा घेतला, तर त्याने एवढे एरर दिले की पडदा लाल झाला. बाबा म्हणाले, "याला गोवर उठलाय."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही सवय मला नोकरीने लावली आहे. जुना कंपायलर घेतला, पुन्हा पहिल्यापासून. मग एक फाइल सापडेना. ती ज्या पॅकेजमध्ये येते त्याचं नाव तुमच्या पानावर कुठेच नाही, कारण तुम्हा सगळ्यांच्या मशीनवर ते कधीचंच आहे. आपल्या घरातलं आपल्याला दिसत नाही, तसं. मी ते पान दुरुस्त करून तुम्हाला पाठवलं. प्रत्येक पायरी, कोरड्या शब्दांत. तुम्ही तासाभरात स्वीकारलंत आणि लिहिलंत, "धन्यवाद. हे फार दिवस राहून गेलं होतं."

माझी दोन्ही पत्रं तोपर्यंत तुम्हाला मिळालेली होती, पोच माझ्याकडे आहे. म्हणजे धन्यवाद कुणाला म्हणताय ते तुम्हाला माहीत होतं. आधी तुम्ही 'नमस्कार पाणीवाली' लिहायचात. आता नमस्कार नाही, पण उत्तर लगेच येतं. काय समजायचं ते मी समजून घेतेय.

आता वाईट बातमी. ती मी तुम्हाला प्रकल्पाच्या पानावर अजून सांगितलेली नाही.

बिल्ड झालं. सगळं झालं. बाकीच्या चाचण्या पास, 'दोन बाजू' नापास. डावा खांदा उजव्याइतकाच येतो. आकडे कितीही वेगळे द्या, कागद दोन्हीकडे सारखाच निघतो. तो जो भाग बारा वर्षं करत बसला, तो कोऱ्या मशीनवर काहीच करत नाही.

मी ते चारपाच वेळा चालवलं. मग मशीन बंद करून भांडी घासली.

बाबांनी विचारलं, "शिजलं?"

"करपलं," मी म्हटलं.

त्यांनी घासलेलं एक भांडं पुसून ठेवलं. मग म्हणाले, "धाकटीला आनंद झाला असेल."

"तिला अजून माहीत नाही."

"मग सांगू नकोस," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "खांदा काढून टाकतेय. तिचं दप्तर रोज त्याच खांद्यावर शाळेत गेलंय. चार इयत्ता."

तुम्ही लहानपणी म्हणायचात ना, माझ्या दप्तराने दादाचा खांदा उतरला म्हणून? डॉक्टर म्हणाले होते की मणकाच जन्मापासून तसा. पण बाबा अजून दप्तरावरच आहेत.

तुम्ही जिंकलात असं समजू नका. एप्रिल संपायचाय.

वहिनी


५ एप्रिल

वन्सं,

सापडलं.

मी दोन्ही मशीन टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. त्याचा लॅपटॉप डावीकडे, कोरं मशीन उजवीकडे. त्याचं सगळं फोल्डर उजवीकडे उतरवलं आणि पुन्हा बिल्ड केलं. नापास. म्हणजे फरक त्याच्या कामात नव्हताच. लॅपटॉपमध्ये दुसरीकडे कुठेतरी होता.

मग 'खडू' बाहेरून ज्या ज्या लायब्ररी घेतो त्या एकेक करून तपासल्या. आवृत्त्या दोन्हीकडे एकच. नाव एकच, आकडा एकच. मी सोडून देणार होते. पण आमच्याकडे एकदा असं झालं होतं की एकाच लेबलच्या दोन बाटल्यांमधलं पाणी वेगळं निघालं, म्हणून लेबलवर विश्वास न ठेवता फाइलींचे आकार बघत गेले. रेषा काढणाऱ्या लायब्ररीत एक फाइल त्याच्याकडे किंचित मोठी निघाली.

त्या लायब्ररीत एक सोय आहे. अर्ध्या अंगाची रेषा दिली की दुसरं अर्धं ती आरशासारखं स्वतःच काढते. मेहनत वाचावी म्हणून. तुम्हाला हे माहीत असेल, मला नव्हतं. दादाने कधीतरी, फार पूर्वी, ती सोय स्वतःच्या लॅपटॉपवर तिथल्या तिथे बंद केली. पाचसहा ओळी. कामाच्या भरात केली असणार. आणि विसरला. तुम्हाला पाठवली नाही, कुणालाच सांगितली नाही.

मग दोन वर्षं तो म्हणत राहिला, चालतंय, आणि तुम्ही म्हणत राहिलात, चालत नाही.

मी खुर्चीत मागे टेकून हसले. बाबा घाबरून आत आले. मी त्यांना सांगितलं, "बाबा, त्याने इथेही दार उचलून ढकलायचं करून ठेवलंय."

त्यांना लगेच कळलं. कपाळाला हात लावला. "हा मुलगा," म्हणाले. "माझ्या शिलाई मशीनच्या पायडललाही त्याने सुतळी बांधली होती. तो शिकायला बाहेर गेला तेव्हा महिनाभर मला मशीन चालवता येईना."

तेव्हा ऐका. तो खोटं बोलत नव्हता. आणि तुम्हीही खोटं बोलत नव्हतात. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. तुम्ही त्याला खोटारडा म्हणालात, आणि नंतर त्याच्या घरी येऊन ते मशीन बघितलं नाहीत. दोघांपैकी एकाने प्रवास केला असता तर एका दुपारचं काम होतं. तोही आला नाही तुमच्याकडे, हेही लिहिते. ताठ तुम्ही दोघेही. बाबांकडून आलंय.

आता त्या पाचसहा ओळी असलेली फाइल मी 'खडू'च्याच फोल्डरमध्ये आणून ठेवली आहे, आणि बिल्ड करताना बाहेरची नको, ही घे, असं सांगितलं आहे. ते सांगायचं कसं हे शिकायलाच मला आठवडा गेला. मग कोरं मशीन पुन्हा पुसलं, पुन्हा पहिल्या पायरीपासून, तुमच्या नाही, माझ्या दुरुस्त केलेल्या पानाप्रमाणे.

पास.

प्रकल्पाच्या पानावर पाठवलं आहे. पत्राआधी ते तुम्हाला दिसेल. तिथे मी फक्त काय बदललं ते लिहिलंय. का, ते इथे.

वहिनी


१४ एप्रिल

वन्सं,

तुम्ही माझं काम अकरा ठिकाणी अडवलंत. मोजली नसती, पण पान स्वतःच मोजून दाखवतं. इथे मोकळी जागा जास्त, तिथे नाव बदला, ही ओळ वर न्या. सगळं केलं. नवख्यांना तुम्ही इतकं छळता का, असं तिथल्या एका माणसाने तुम्हाला विचारलं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक!

शेवटची तुमची मागणी अशी: "सध्याच्या चाचणीतले आकडे काल्पनिक आहेत. हा भाग ठेवायचा असेल तर खऱ्या माणसाची खरी मापं असलेली चाचणी हवी."

हे तुम्ही सरळ मागितलंत की आडून, ते मी ठरवत नाही. मी बाबांना सांगितलं, त्याची मापं हवीत.

"वहीत कधी लिहिली नाहीत," म्हणाले. "घरच्यांची कोण लिहितं? शर्ट आण."

एकच शर्ट होता. बाकीचे मी देऊन टाकलेत. हा दाराच्या मागे खुंटीला होता, निळा, जानेवारीपासून. मी तो धुतला नव्हता. मी तो काढून बाबांसमोर टेबलावर ठेवला.

त्यांनी बाही चिमटीत धरून पाहिली. "असं नाही होणार. चुरगळलाय. चुरगळलेल्या कापडाचं माप खोटं येतं. धुऊन इस्त्री करून आण."

"असाच ताणून धरते ना, बाबा."

"ताणलं तर अजून खोटं."

मी शर्ट पुन्हा हातात घेतला. त्यांनाही कळलं असावं, कारण ते म्हणाले, "नाही तर राहू दे. काल्पनिक आकडे चालतात की तिला."

"तिला चालत नाहीत," मी म्हटलं. "तिने खरे मागितलेत."

धुतला. नळ उलटा फिरवून, मग सुलटा. वाळत घातला, तो वाळेपर्यंत गॅलरीतच उभी राहिले. इस्त्री बाबांनी केली. मला करू दिली नाही. नाकपुड्या फुगवून, खांद्याच्या शिवणीवर पाणी शिंपडून, जशी गिऱ्हाइकाच्या कोटाला करायचे तशी.

मग टेप. ते आकडे सांगत गेले आणि मी थेट टाइप करत गेले. उजवा खांदा. डावा खांदा, तो मोजताना ते थांबले आणि पुन्हा मोजला. छाती, पाठीची डावी उतरण, उजवी उतरण, दोन बाह्या.  

आता चाचणी अशी आहे. जगात कुणीही, कुठल्याही मशीनवर 'खडू' बिल्ड करायला घेतला की तो आधी तुमच्या दादाचा शर्ट बेततो. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आला, तरच काम पुढे सरकतं. नाही आला तर सगळं थांबतं. बाबांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे रोज?"

म्हटलं, "रोज. काही दिवशी शंभरदा."

"कापड कुणाचं?"

"कापड लागत नाही."

"मग ठीक," म्हणाले.

काढून टाका आता त्याला. बघते कसा काढता.

वहिनी


२२ एप्रिल

वन्सं,

काल संध्याकाळी तुमचं उत्तर आलं. दोनच ओळी.

पहिली: 'दोन बाजू' राहील. सांभाळणारी म्हणून 'पाणीवाली' असं तुम्ही पानावर लिहून टाकलंय. मला न विचारता. चालेल.

दुसरी ओळ त्या पानावर कुणालाच कळली नसेल. "डावी बाही अर्धा इंच कमी करा. तो ती दुमडायचा."

मी ती बाबांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"बरोबर आहे तिचं," म्हणाले. "ती बाही मी लांबच ठेवायचो. आखूड केली की सगळ्यांसमोर त्याचा हात वेगळा दिसायचा. लांब ठेवली की तो दुमडायचा आणि कुणाच्या लक्षात यायचं नाही. मी शर्टाचं माप सांगितलं. हाताचं तिने सांगितलं."

एवढी वर्षं मी तो शर्ट धुतला, वाळत घातला, घडी केली, आणि मला वाटायचं, त्याला बाह्या दुमडायची सवय आहे. एकच बाही दुमडायचा, हे माझ्या लक्षात आलं नाही. तुमच्या आलं होतं.

तरीही मी तो आकडा बदलणार नाही. चुकीचा आहे हे मला मान्य आहे, सांभाळणारीही मीच आहे. पण मी मोजलेलं नाही. प्रकल्पाच्या पानावर मी लिहिलंय, "प्रत्यक्ष मोजल्याशिवाय आकडा बदलला जाणार नाही." तिथल्या त्या माणसाने लिहिलं, अर्ध्या इंचावरून केवढा हा वाद! त्याला वाद करू दे.

तुम्हाला बदलायचा असेल तर इथे येऊन बदला. दोन्ही मशीन टेबलावर आहेत, तुम्हाला हवं ते घ्या. शर्ट इस्त्री करून ठेवलेला आहे, त्याची डावी बाही बाबांनी काल रात्री दुमडून ठेवली. किती दुमडायची ते त्यांना नक्की आठवेना. दोनतीनदा उलगडली, दुमडली. टेप त्यांच्या गळ्यात आहे, सकाळपासून काढलेला नाही. "धाकटी आली तर शोधाशोध नको," म्हणाले.

दारासाठी सुतार बोलावला होता, त्याला मी येऊ नको म्हणून सांगितलंय.

बेल वाजवू नका, मी उठून दार उघडायला येणार नाही. किंचित वर उचला आणि ढकला. उघडतं.

वहिनी